अण्णांचा एकर विकू नकोस

आलेलं पत्र असं आहे:

"ताई, मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली. वय २८. मराठीत एम. ए., सेट झालेली, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माय आणि अण्णा वीस वर्षं उसाला गेले. अण्णांची कंबर गेली म्हणून तीन वर्षांपासून घरी आहेत. आम्ही लहान असताना दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं आणि आम्ही भावंडं आजीपाशी राहायचो. त्यावर मित्राच्या कॅमेऱ्याने १६ मिनिटांची फिल्म केली. तिला ऑनलाइन महोत्सवांचे ६ पुरस्कार मिळाले, पेपरात फोटो आला. आता त्याच गोष्टीवर पूर्ण लांबीची पटकथा लिहिली आहे. पुण्यातल्या एका निर्मात्याला ती आवडली. तो म्हणतो, ५१ हजार आत्ता घ्या, पटकथा द्या. दिग्दर्शन अनुभवी माणूस करील, तुमचं नाव सहदिग्दर्शक म्हणून टाकू. मी घरी येऊन रडले. तर अण्णा म्हणाले, 'दुसऱ्याला कामून द्यायलीस? खालचा एकर काढू आपला.' आमचं सगळं मिळून अडीच एकर आहे. ताई, मला स्वतः दिग्दर्शन करायचंय. एकर विकू का? की मुंबईला जाऊ? की बी. एड. करून गप बसू? नाव छापू नका."

नाव छापत नाही. सोबतची पटकथाही वाचली. पत्र मात्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'खालचा एकर काढू' इथे येऊन अडकले. या सदराला येणाऱ्या पत्रांत बाप बहुधा नाही म्हणतो. 'घरचे सोडत नाहीत' याला उत्तर देणं सोपं असतं. थोडा धीर द्यायचा, थोडी चिथावणी द्यायची, झालं. पण बापच जमीन काढायला निघाला तर लेकीनं काय करायचं, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.

एकर विकायचा नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

२००९ साली मी माझा पहिला मोठा सिनेमा केला. तोवर मी पुण्यात एडिटिंग करून पोट भरत होते. आईच्या नावचं परभणीचं घर एका पतसंस्थेकडे गहाण टाकलं आणि १८ लाख उचलले. सिनेमा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. चार महोत्सवांत गेला. मग एका वितरकाने तो लावला: सात थेटरं, शो सकाळी साडेनऊचा. शुक्रवारी लागला, बुधवारी उतरला. परभणीत तर लागलाच नाही. आईने तो पुढे माझ्या लॅपटॉपवर पाहिला, मधेच उठून दूध उतू जातंय का ते बघून आली. हप्ते फेडायला ११ वर्षं लागली. घर वाचलं. पण धाकट्या भावाने सहा वर्षं माझ्याकडून राखी बांधून घेतली नाही. घरात त्याचाही वाटा होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या पत्रात 'आम्ही भावंडं' एवढंच आहे. ती भावंडं या एकराबद्दल काय म्हणाली, ते तू लिहिलेलं नाहीस.

आपल्याला शाळेपासून फाळक्यांची गोष्ट सांगतात. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. गोष्ट खरी आहे. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, रसायनं हाताळणं आणि अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक करणं ही कामंही सरस्वतीबाईंचीच होती, हा भाग मात्र घाईत सांगितला जातो. तेव्हापासून मराठी सिनेमात 'सगळं विकून सिनेमा केला' हा एक दागिनाच होऊन बसलाय, मुलाखतीत घालून मिरवायचा. ज्यांचं विकलं गेलं आणि बुडालं, त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही.

तर हिशेबाकडे येऊ. नावाजलेला नट नसलेल्या, स्वतंत्रपणे केलेल्या मराठी सिनेमाचे पैसे परत यायला तीनच दारं आहेत.

पहिलं थेटर. तिकिटातून आधी कर जातो. उरल्यातला साधारण निम्मा पहिल्या आठवड्यात थेटरवाला ठेवतो, पुढच्या आठवड्यांत त्याचा वाटा वाढत जातो. डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं निर्मात्याने भरायचं, पोस्टर-जाहिरात निर्मात्याची, वितरकाचं कमिशन वेगळं. यातून निर्मात्याच्या हातात काही उरायला सिनेमा दोन-तीन आठवडे तरी टिकावा लागतो. माझा पुढचा शुक्रवारसुद्धा पाहू शकला नाही, ते सांगितलंच.

दुसरं दार चॅनल आणि ओटीटीचं. तिथे पहिला प्रश्न 'कोण आहे सिनेमात?' असा येतो. तुझ्या सिनेमात तुझी माय आहे आणि शेजारची दोन पोरं.

तिसरं शासनाच्या अनुदानाचं. दर्जेदार मराठी सिनेमाला राज्य शासन अनुदान देतं. समिती सिनेमा पाहते, अ किंवा ब दर्जा ठरवते. योजना चांगली आहे, तिने पुष्कळ निर्माते वाचवलेत. पण पैसे सिनेमा पुरा होऊन सेन्सॉर झाल्यावर. म्हणजे पेरणीला त्यांचा उपयोग शून्य. अण्णांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर हा पीकविमा आहे. मिळाला तर मिळाला, आणि मिळेल तेव्हा मिळाला. पीकविम्याच्या भरवशावर कुणी रान विकत नाही.

केरळने यात उलटी वाट धरली. तिथल्या राज्य चित्रपट विकास महामंडळाने बायकांनी दिग्दर्शित करायच्या सिनेमांना आधीच पैसे द्यायची योजना आणली, एका सिनेमाला दीड कोटीपर्यंत. तारा रामानुजन यांचा 'निषिद्धो' त्याच योजनेतून झाला. वाचून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आता तुझा पुण्याचा निर्माता. तो वाईट माणूस असेलच असं नाही. पण अण्णांना एवढंच सांग की, एक माणूस मला ५१ हजारांची उचल द्यायलाय. पुढचं त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. ऊसतोडीत उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की हंगाम मुकादमाचा, मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा. कोणत्या कारखान्यावर जायचं ते तो ठरवतो, किती दिवस राहायचं तो ठरवतो आणि फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा त्याच्याच टोळीत. फरक इतकाच की उसाचा हंगाम पाडव्याच्या आसपास कधीतरी संपतो. पटकथेचे हक्क लिहून दिले की तो हंगाम संपेलच असं नाही.

कायद्यात नेमकं काय आहे ते माहीत असू दे. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यानुसार हक्क लेखीच द्यावे लागतात, तोंडी दिलेल्याला अर्थ नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क एका वर्षात वापरलेच नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. या शेवटच्या अर्ध्या वाक्यामुळेच निर्मात्यांचे करार 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, अखिल विश्वात' असे असतात. मंगळावर उसाचा सिनेमा कोण पाहणार आहे देव जाणे, पण हक्क घेऊन ठेवायचे. २०१२च्या दुरुस्तीने लेखकाला आणखी एक गोष्ट दिली: सिनेमागृहाबाहेर सिनेमा वापरला गेला तर रॉयल्टीत लेखकाचा वाटा, आणि तो लिहून देऊन सोडताही येत नाही. करारात 'मी रॉयल्टी सोडत आहे' असं वाक्य दिसलं तर समज, कागद करणारा एकतर अडाणी आहे किंवा तुला अडाणी समजतोय.

पटकथा त्याला मेलवर गेली आहे का, हे तू लिहिलं नाहीस. गेली असेल तर तो मेल पुसू नकोस. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व ऑनलाइन मिळतं. आज रात्री घे आणि पटकथा नोंदव. नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही, तारीख सिद्ध होते. भांडण झालं तर तारखेला फार किंमत येते.

आणि त्याला थेट नाही म्हणू नकोस. उलटा प्रस्ताव ठेव. पटकथा विकत नाही, १२ महिन्यांचा ऑप्शन देते. त्या १२ महिन्यांत तुम्ही पैसे उभे करा. दिग्दर्शन मी करणार, हे करारात असेल. पैसे उभे राहिले नाहीत तर पटकथा माझी मला परत, ऑप्शनचे पैसे तुम्ही विसरायचे. खरंच आवडली असेल तर तो निदान बोलणं पुढे नेईल. नसेल तर फोन यायचे बंद होतील, आणि तेही एक उत्तरच आहे.

सहदिग्दर्शकाच्या गाजराबद्दल दोन शब्द. तो अनुभवी माणूस कोपीचं, म्हणजे फडावरच्या झोपडीचं, दार कुठल्या बाजूला ठेवतात, माय पहाटे किती वाजता भाकरी थापायला उठते, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कोण विकतं आणि ते पैसे कुणाच्या हातात जातात, हे विचारायला रोज तुझ्याकडेच येईल. तू सांगशील. तो कॅमेरा लावील. मग एखाद्या संध्याकाळी तुला म्हणेल की, ही भाषा लोकांना कळणार नाही, जरा ग्रामीण करू या. मराठी सिनेमात 'ग्रामीण' म्हणजे बहुतेक वेळा साताऱ्या-कोल्हापूरकडची बोली. तीही गोड आहे, माझं तिच्याशी वैर नाही. पण तुझ्या आजीच्या तोंडी 'काय करायलीस गं' याच्या जागी दुसरं काही आलं की तो सिनेमा तुझ्या गावचा राहत नाही. प्रेक्षकांना सगळं कळतं. आपण इराणी सिनेमे खालच्या पट्ट्या वाचून पाहतो की नाही?

मग करायचं काय? तुझ्याकडे जे आहे त्यातून सुरू करायचं, आणि तुझ्याकडे वेळ आहे. रीमा दासचं उदाहरण देते. आसाममधल्या छायगावची. नटी व्हायला मुंबईला गेली, जमलं नाही, गावी परतली. 'व्हिलेज रॉकस्टार्स' तिने स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला, कॅमेरा चालवला, एडिट केला, पैसेही तिचेच. कॅमेरा कॅननचा फाइव्ह-डी, आज तुझ्या तालुक्यातल्या लग्नवाल्यांकडे त्याहून भारी असतात. नट म्हणजे गावातली पोरं. युनिट म्हणजे ती आणि तिची चुलत बहीण. तुकड्या-तुकड्यांनी काही वर्षं शूट चाललं. ती पोरं पडद्यावर खरोखर मोठी होताना दिसतात. २०१८ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताकडून ऑस्करलाही तोच गेला. लगेच 'मीही रीमा दास' असं मनावर घेऊ नकोस, असं यश लाखात एखादीला मिळतं. तिची रीत मात्र कुणालाही उचलता येते. ज्या गोष्टीला ऋतू लागतात तिला ऋतू द्यायचे. एका दमात ४० दिवसांचं शेड्यूल लावलं की ४० दिवसांचे पैसे एकदम लागतात, आणि तिथेच एकर विकला जातो.

तुझ्या सिनेमाचं शेड्यूल साखर कारखान्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. टोळ्या निघतात तो दिवस बघ. ट्रकवर भांडी, सरपण, कोंबड्या, वर बसलेली माणसं, खाली उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या. हा दिवस वर्षातून एकदा येतो. पैसे टाकून उभा करायचा म्हटला तर तीस-चाळीस माणसं, ट्रक, जेवणं, म्हणजे तुझा अर्धा एकर तिथेच गेला. या वर्षी बाकी काही करू नकोस, तेवढा एक दिवस शूट करून ठेव. पटकथेतल्या दोन पोरांना म्हातारीजवळ उभं कर आणि कॅमेरा त्यांच्यावरून हलू देऊ नकोस.

मग पौष. हे तुला कुठल्या फिल्म स्कूलमध्ये शिकवणार नाहीत म्हणून सांगते. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात. म्हणजे तालुक्यातले सगळे व्हिडिओवाले मोकळे. त्यांचे मिररलेस कॅमेरे, गिंबल, ड्रोन कपाटात पडून. आणि नेमका तेव्हाच ऊसतोडीचा भर असतो, गाव पार ओसाड असतं, ऊन तिरपं असतं. आठ दिवस एक चांगला व्हिडिओवाला निम्म्या दरात येईल, सिनेमाच्या हौसेनं कदाचित जेवणावरसुद्धा. ड्रोन मात्र घरीच ठेवायला सांग. मराठवाड्याची भेगाळलेली जमीन आभाळातून दाखवून आता सगळ्यांचं पोट भरलंय.

कॅमेऱ्यावर वाचलेले पैसे आवाजावर घाल. तुझी १६ मिनिटांची फिल्म मी पाहिली, लिंकबद्दल आभार. चित्र बरं आहे, शेवटचा शॉट तर फार चांगला. पण आवाज पत्र्याचा डबा वाजल्यासारखा आहे आणि आजी बोलते तेव्हा मागे कुणाची तरी मोटारसायकल चालू आहे. प्रेक्षक अंधारं चित्र सोसतो, न कळणारा आवाज सोसत नाही. सिंक साउंडचा, म्हणजे शूट चालू असतानाच आवाज घेणारा, माणूस बाहेरून बोलव, त्याला पूर्ण पैसे दे, घासाघीस करू नकोस. आणि एक रात्र त्याला नुसतं फडात बसव. पाचटाचा आवाज, रात्री ट्रक भरताना मोळ्या पडतात तो आवाज, कोयत्याचा. हे आवाज एकदा नीट घेऊन ठेवलेस तर तीन वर्षं पुरतील.

सेटवर तुझं कोण ऐकणार, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो येणार. माझ्या पहिल्या शूटला मी 'लाइट जरा खाली घ्या' म्हटलं की लाइटवाला आधी कॅमेरामनकडे पाहायचा. कॅमेरामनने मान हलवली की मग लाइट खाली. दिवसातून चाळीस वेळा. तिसऱ्या रात्री मी कॅमेरामनला चहाला बसवलं आणि म्हटलं, उद्या तो तुझ्याकडे बघेल ना, तेव्हा तू माझ्याकडे बघायचंस. भला माणूस होता, त्याने तसं केलं. दुपारपर्यंत युनिटची मान फिरली. तुलाही असाच एक माणूस आधी आपलासा करावा लागेल. आणि लेन्सचे आकडे पाठ कर. '५० नको, ३५ लाव' असं बाई म्हणाली की पोरं गुमान लावतात. 'जरा जास्त दिसू दे' म्हणाली की वाद घालतात. चूक आहे हे, पण आहे.

दोन गोष्टी शूटच्या आधी. ज्या रानात शूट आहे तिथे बायांच्या संडासाची सोय, ही लोकेशन पाहतानाच बघायची, नंतर नाही. आणि युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या दिवशीच लिहून टाकायचं की, त्रास झाला तर कुणाला सांगायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागते. तुझ्यासारख्या लहान युनिटसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. बहुतेकांना ती असल्याचं माहीतही नसतं.

मुंबई. आत्ता नको. मुंबईत तुला तिसरी-चौथी असिस्टंट म्हणून काम मिळेल, दोन वर्षं कपड्यांच्या कंटिन्यूइटीचे फोटो काढशील, भाड्यातच सगळं जाईल आणि टोळ्या निघायच्या दिवशी तू गोरेगावात असशील. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची परीक्षा मात्र जरूर दे. नाही झाली निवड तर त्यांचे लहान-लहान कोर्स असतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातला एखादा कर. कॉलेज सुट्टीत तुला तसंही पैसे देत नाही. जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव असतो, तिथे सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत सिनेमे पाहा आणि जेवणाच्या सुट्टीत माणसं गाठ. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातली पोरंपोरी तिथे असतात. त्या विभागाने मराठी रंगभूमीला केवढी माणसं दिली! तुझे पुढचे साहाय्यक तिथेच मिळतील.

बी. एड.बद्दल माझं मत विचारशील तर, वाईट सल्ला नाही तो. 'गप बसू' हे मात्र त्याच्यापुढून खोडून टाक. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या, शिकवायच्या, संशोधन करायच्या. सिनेमाचं शिक्षण नव्हतं. १९८५ साली पहिली छोटी फिल्म 'बाई' केली तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. सुनील सुकथनकर यांच्याबरोबर 'दोघी' केला १९९५ मध्ये. 'कासव'ला सुवर्णकमळ जाहीर झालं २०१७ मध्ये, तेव्हा वय ७४. आणि मधल्या वर्षांत काय केलं? पन्नासच्या वर छोटे लघुपट आणि माहितीपट: आरोग्य, बायका, पाणी, शिक्षण. लोक पूर्ण लांबीचे सिनेमे मोजतात, पण घर त्या मधल्या कामांवर चालतं आणि हात त्यातच बसतो. तुझ्या जिल्ह्यात असं काम आहे. संस्थांना माहितीपट लागतात, कृषी विज्ञान केंद्रांना लागतात, लग्नवाल्यांना एडिटर लागतात. निवडणूक आली की पुढारी रील्ससाठी रोख मोजतात, फक्त आगाऊ घ्यायचे, निकालानंतर कुणी फोन उचलत नाही. तासिकेच्या मानधनात हे मिसळलंस तर वर्षाकाठी एका पौषाचा खर्च निघतो.

पुरस्कारांबद्दल. रागावू नकोस. त्या ६ पुरस्कारांपैकी ५ मी शोधून पाहिले. दर महिन्याला ऑनलाइन पुरस्कार वाटणारे महोत्सव आहेत ते, फी भरली की पोस्टरवर छापायला पानांचा तुरा मिळतो. पेपरवाल्यांना फरक कळत नाही, गावाला आनंद झाला, ठीक. पण गोव्याच्या फिल्म बाजारात, जिथे नव्या सिनेमांना पैसे शोधतात, त्या तुऱ्यांची यादी दाखवलीस तर समोरचा माणूस हळूच घड्याळ बघेल. पुढची फी वाचव. पुणे, मुंबई, केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव, मुंबईतला माहितीपट-लघुपटांचा सरकारी महोत्सव अशा चार-पाच ठिकाणीच पाठव. आणि नवी फिल्म युट्यूबवर आधी टाकू नकोस, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरून बाद करतात.

दोन पौष हातात आले, वीसेक मिनिटांचं खरं साहित्य कापून तयार झालं, की मग पैशाकडे जायचं. गोव्यात नोव्हेंबरमध्ये एन.एफ.डी.सी. या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार २००७ पासून भरतो, तिथे पटकथांची लॅब आहे, अर्धवट सिनेमांसाठी वेगळा विभाग आहे. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड असे परदेशी निधी आहेत. पायल कपाडियाच्या ज्या सिनेमाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, त्यात कितीतरी देशांचे पैसे होते, एका कुणाच्या जमिनीचे नव्हते. हे अर्ज इंग्रजीत लिहावे लागतात, त्याची भीती वाटते हे मला माहीत आहे. तू मराठीत लिही, सगळं, तुझ्या बोलीत. कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंना पकड. आजी फाटकात उभी राहते ते पान त्यांना मोठ्याने वाचून दाखव, त्या भाषांतर करून देतील.

लग्नाचं मायनं विचारलंय का ते पत्रात नाही, त्यामुळे मीही बोलत नाही.

अण्णांना नाही कसं म्हणायचं, एवढं राहिलं. त्या माणसाने वीस हंगाम वाकून तो एकर मिळवला आणि एका वाक्यात काढून द्यायला निघाला. त्याला 'नको' म्हटलं तर लागेल. त्यांना काम दे. टोळ्या निघतात त्या दिवशी कुठला ट्रक आधी भरतो, कुठून उजेड चांगला दिसेल, कोणता मुकादम कॅमेऱ्याला हरकत घेणार नाही, हे तुझ्या युनिटमध्ये त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? सिनेमात याला लाइन प्रोड्यूसर म्हणतात आणि पुण्यात त्याचे चांगले पैसे घेतात. नामावलीत त्यांचं पूर्ण नाव घाल, वडिलांच्या नावासकट.

आणि तो खालचा एकर. त्यात आत्ता काय उभं आहे? तूर, कापूस की नुसतंच पडीक? विहीर आहे का? तिथून गाव दिसतं का? पुढच्या पत्रात लिही. म्हातारी आणि पोरं दिवसभर कुठे असतात, हे तुझ्या पटकथेत मला कुठे सापडलं नाही.